लेड ॲप्रनची तपासणी: आधी मोजणी, मग क्ष-किरण

विकिरण सुरक्षा अधिकारी, म्हणजे आरएसओ, म्हणून नुकतीच नेमणूक झालेल्या एका क्ष-किरण तंत्रज्ञ भगिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या अडीचशे खाटांच्या रुग्णालयात जडसंग्रह (कायम वस्तूंच्या) नोंदवहीप्रमाणे साठ लेड ॲप्रन, म्हणजे क्ष-किरणांपासून कर्मचाऱ्यांचे रक्षण करणारे शिसेयुक्त ॲप्रन, आहेत. गेल्या वर्षीच्या तपासणी अहवालावर ‘सर्व ॲप्रन सुस्थितीत’ एवढाच शेरा आहे, पण प्रत्यक्षात विभागात चाळीसच्या आसपास ॲप्रन दिसतात. अशा वेळी तपासणी नेमकी कशी करावी, किती मोठी भेग आढळल्यास ॲप्रन बाद करावा, आणि जे सापडतच नाहीत त्यांचे काय करावे?

उत्तराची सुरुवात मी मुद्दाम शेवटच्या प्रश्नापासून करतो, कारण आधीच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत. ‘सर्व ॲप्रन सुस्थितीत’ असे लिहिणाऱ्याने खोटे लिहिले असेल असे मला वाटत नाही. त्याच्यासमोर जे चाळीस ॲप्रन आले ते त्याने पाहिले आणि ते चांगले निघाले, इतकाच त्या शेऱ्याचा अर्थ आहे. उरलेल्या विसांबद्दल तो काहीच सांगत नाही, आणि काळजी करायची ती त्या विसांचीच. क्ष-किरण विभागातले ॲप्रन बहुधा रुंद हँगरवर टांगलेले असतात आणि ते हाताळणाऱ्यांना त्यांचे मोल ठाऊक असते. विभागाबाहेर गेलेल्या ॲप्रनचे आयुष्य वेगळे असते. तो अस्थिरोगाच्या शस्त्रक्रियागृहात, म्हणजे ओटीत, सी-आर्म या फिरत्या क्ष-किरण यंत्राजवळ स्टुलावर घडी करून ठेवला जातो, मूतखडे फोडण्याच्या यंत्राशेजारी खुर्चीच्या पाठीवर टाकला जातो, ईआरसीपी (पित्तनलिकेची दुर्बिणीने तपासणी) होणाऱ्या एंडोस्कोपी कक्षात टेबलाखाली सरकवला जातो, किंवा अतिदक्षता विभागात पोर्टेबल यंत्राच्या दांड्यावर दुमडून लोंबकळत राहतो. ॲप्रनच्या गाभ्यातील शिसेमिश्रित रबराचा किंवा व्हिनाइलचा थर मोडतो तो याच घड्यांवर. म्हणून जो ॲप्रन तपासणीला आलेला नाही तोच फुटलेला असण्याचा संभव अधिक, असे धरून चालावे.

यासाठी पहिले काम क्ष-किरणांचे नसून मोजणीचे आहे. एक दिवस ठरवून, शक्यतो रविवारी किंवा शस्त्रक्रियांची यादी लहान असलेल्या दिवशी, संपूर्ण रुग्णालय पायी फिरावे. सोबत ओटीच्या इन्चार्ज सिस्टर आणि त्या मजल्यावर अनेक वर्षे काम केलेले एखादे मामा किंवा मावशी असावेत. कोणत्या कपाटामागे जुने ॲप्रन पडून आहेत हे त्यांच्याइतके कोणालाही ठाऊक नसते. कॅथलॅब (हृदयाच्या अँजिओग्राफीचा कक्ष), सर्व ओटी, एंडोस्कोपी, लिथोट्रिप्सी (मूतखडे फोडण्याचा कक्ष), दंतविभाग, सीटी, मॅमोग्राफी, अतिदक्षता विभाग, वेदनोपचार कक्ष, एवढेच नव्हे तर भांडार आणि डॉक्टरांच्या विश्रांती खोल्यासुद्धा पाहाव्यात. या फेरीत तपासणी करू नये. प्रत्येक वस्तूला फक्त क्रमांक द्यावा आणि तिची माहिती लिहून घ्यावी: प्रकार (पुढचा ॲप्रन, गुंडाळण्याचा ॲप्रन, बनियन व स्कर्ट, थायरॉईड कॉलर, हातमोजे, शिशाच्या काचेचा चष्मा), उत्पादकाचे नाव, लेबलवर छापलेली शिसे-समतुल्य जाडी (म्हणजे किती जाडीच्या शुद्ध शिशाइतके संरक्षण मिळते तो आकडा) आणि ती कोणत्या केव्हीला (क्ष-किरण नलिकेच्या विद्युतदाबाला) दिली आहे तो आकडा, माप, खरेदीचे वर्ष ठाऊक असल्यास ते, आणि वस्तू जेथे सापडली ते ठिकाण. बनियन आणि स्कर्ट यांना वेगवेगळे क्रमांक द्यावेत, कारण एका जोडीतील स्कर्ट दुसऱ्या जोडीतील बनियनबरोबर जाणे ही रोजचीच गोष्ट आहे.

क्रमांक कसा लावावा याबद्दल एक सूचना आग्रहाने करतो. बिल्ला टाचणीने, रिव्हेटने किंवा शिवण घालून शिशाच्या थरातून आरपार लावू नये. ज्या वस्तूतील छिद्रे शोधायची आहेत तिच्यात आपणच छिद्र पाडण्याचा तो प्रकार होतो. ॲप्रनच्या कडेची जी पट्टी गाभ्याच्या बाहेर असते तिच्यावर, किंवा पट्ट्याच्या मुळाशी, उष्णतेने चिकटणारे कापडी लेबल लावावे, किंवा प्लॅस्टिकचे नाव-कार्ड अडकवावे. क्यूआर कोड असला तर मोबाइलने नोंद पाहता येते. पण कोडच्या शेजारी क्रमांक मोठ्या अक्षरांत वाचता येईल असा छापलेला असावाच, कारण ओटीत मोबाइल काढून स्कॅन करण्याची सवड कोणाला नसते. आरएफआयडी, म्हणजे रेडिओलहरींनी वाचल्या जाणाऱ्या, टॅगची मागणी मोठ्या रुग्णालयांतून होते. ती पद्धत उपयोगी आहे, परंतु शिशाच्या थराला चिकटून लावलेला किंवा एकावर एक टांगलेल्या दहा ॲप्रनांमध्ये दबलेला टॅग नीट वाचला जात नाही, म्हणून तो बाहेरच्या बाजूला, थरापासून सुटा राहील असा लावून आपल्याच रॅकवर आधी आजमावून पाहावा. साठ ॲप्रनांच्या रुग्णालयाला माझ्या मते साधी संगणकीय तक्ता-नोंद आणि वाचता येण्याजोगा क्रमांक पुरेसा आहे. नोंद नियमाने भरणारी एक व्यक्ती नेमलेली असणे हे यंत्रणेच्या प्रकारापेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहे.

व्यक्तिगत ॲप्रनही नोंदीत घ्यावेत. हृदयरोगतज्ज्ञ, अस्थिशल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ यांपैकी अनेकजण स्वतःचा ॲप्रन घेऊन चार रुग्णालयांत फिरतात, आणि तो गाडीच्या डिकीत, उन्हाने तापलेल्या जागेत, घडी करून ठेवलेला असतो. तो रुग्णालयाच्या मालकीचा नसला तरी आपल्या ओटीत तो घालून जी व्यक्ती उभी राहते तिच्या सुरक्षिततेची जबाबदारी आपल्यावरही येते. अशा ॲप्रनला वेगळी मालिका द्यावी, उदाहरणार्थ क्रमांकाआधी ‘व्य’ असे अक्षर, आणि वर्षातून एकदा तपासणीसाठी तो मागून घ्यावा. सन्मानपूर्वक विचारले तर कोणी नकार देत नाही, असा माझा अनुभव आहे.

आता तपासणी. तिची पहिली पायरी डोळ्यांची आणि दुसरी हातांची. ॲप्रन टेबलावर पूर्ण पसरून बाहेरचे कापड फाटले आहे का, शिवण उसवली आहे का, वेल्क्रो धरते का, बक्कल तुटले आहे का, हे पाहावे. वेल्क्रो गेलेल्या ॲप्रनचा शिशाचा थर निर्दोष असला तरी तो अंगावर नीट बसत नाही आणि खांद्यावरून घसरतो, म्हणून ही किरकोळ बाब समजू नये. त्यानंतर दोन्ही तळहातांमध्ये थर धरून, वरपासून खालपर्यंत, पुस्तकाचे पान चाचपावे तसा संपूर्ण ॲप्रन चाचपावा. घडीच्या ठिकाणी कडक रेघ, गोळा, सुरकुती किंवा अचानक लागलेला पोकळपणा बोटांना कळतो. खांदे, कमरेच्या पट्ट्याची रेषा आणि खालची कड या तीन जागी अधिक वेळ द्यावा.

खालच्या कडेचा उल्लेख विशेष कारणाने केला. ॲप्रनमधील सर्वांत गंभीर दोष म्हणजे बारीक भेग नव्हे. आतला थर खांद्याच्या शिवणीपासून सुटून आपल्या वजनाने खाली घसरणे, हा तो दोष. शुद्ध शिशाचा अर्धा मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पत्रा साधारण पावणेसहा किलो वजनाचा असतो, यावरून त्या थराला खाली ओढणारा भार लक्षात येईल. थर घसरला की बाहेरून ॲप्रन अगदी नवा दिसतो, मात्र छातीवर नुसते कापड उरते आणि खालची कड जाड व गुठळ्यांची लागते. एका रुग्णालयात मी असा ॲप्रन पाहिला आहे. तो रॅकवर पहिल्या क्रमांकाला टांगलेला असे आणि इतरांपेक्षा ‘हलका वाटतो’ म्हणून सर्वांच्या आवडीचा होता. छातीच्या भागात हाताच्या पंजाएवढी जागा पूर्ण रिकामी होती. तो किती महिने तसा वापरला गेला हे सांगणारी कोणतीही नोंद तेथे नव्हती, आणि त्या दिवसापासून मी क्रमांकाशिवाय तपासणी करणे सोडले.

तिसरी पायरी क्ष-किरणांची. येथे तीन मार्ग आहेत आणि तिन्हींची गैरसोय वेगवेगळी आहे. फ्लुरोस्कोपीच्या (पडद्यावर सलग क्ष-किरण चित्र दाखवणाऱ्या यंत्राच्या) टेबलावर ॲप्रन पसरून तो सरकवत पाहणे ही जुनी रीत. तिच्यात स्वयंचलित उजळपणा-नियंत्रण चालू राहिले तर क्ष-किरणांच्या शलाकेत शिसे येताच यंत्र केव्ही आणि एमए (नलिकेतील विद्युतप्रवाह) कमाल मर्यादेपर्यंत वाढवते. त्यामुळे नलिकेवर ताण येतो, खोलीत विखुरलेले विकिरण वाढते, आणि केव्ही वाढल्यामुळे भेगेचा ठळकपणाही कमी होतो. म्हणून नियंत्रण हाताने ठेवावे, ७० ते ८० केव्हीच्या आसपास सुरुवात करावी आणि पॅडल अखंड दाबून न ठेवता ॲप्रन हलवताना सोडावे. तपासणारा स्वतः टेबलाजवळ उभा असतो, त्याला दुसरा, आधीच तपासलेला ॲप्रन घालणे अनिवार्य आहे. दुसरा मार्ग डीआर किंवा सीआर, म्हणजे डिजिटल क्ष-किरण प्रतिमेच्या, प्लेटचा. ३५ × ४३ सेंटिमीटरची प्लेट सुमारे ०.१५ चौरस मीटर व्यापते आणि पुढच्या ॲप्रनचे क्षेत्रफळ साधारण ०.६ चौरस मीटर असते, म्हणजे कमीत कमी चार आणि कडा एकमेकींवर येऊ देऊन प्रत्यक्षात सहा एक्सपोजर लागतात. या वेळी स्वयंचलित एक्सपोजर-नियंत्रण बंद ठेवावे, नाही तर शिशाखाली झाकलेला सेन्सर एक्सपोजर थांबवतच नाही.

तिसरा मार्ग सीटीच्या टॉपोग्रामचा (सीटीआधी घेतल्या जाणाऱ्या सपाट प्रतिमेचा), ज्याला काही ठिकाणी स्काऊट म्हणतात, आणि जेथे सीटी आहे तेथे मी हाच सुचवतो. ॲप्रन सीटीच्या टेबलावर एकपदरी, न दुमडता पसरावा, टॉपोग्राम घ्यावा, आणि रुंद ॲप्रनच्या बाजू राहिल्यास त्या मध्यभागी आणून दुसरा टॉपोग्राम घ्यावा. तपासणारा कन्सोलवर असतो, त्यामुळे त्याला विकिरण मिळत नाही. संपूर्ण लांबी एका प्रतिमेत येते आणि ती प्रतिमा ॲप्रनच्या क्रमांकाने पॅक्समध्ये (प्रतिमा साठवण्याच्या संगणक यंत्रणेत) साठवता येते. रुग्णाच्या नावाच्या जागी ‘ॲप्रन ०१७’ असे भरले की पुढच्या वर्षी जुनी आणि नवी प्रतिमा शेजारी ठेवून भेग वाढली की नाही हे पाहता येते, आणि माझ्या दृष्टीने या पद्धतीचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे. मात्र प्रतिमेची विंडो (पडद्यावरील उजळपणा व ठळकपणाची मांडणी) बदलून पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. नेहमीच्या विंडोत शिसे एकसंध पांढरे दिसते आणि बारीक भेग त्यात लपते.

प्रतिमा वाचताना नवख्या माणसाला शिवणीतील टाक्यांची रांग पाहून ॲप्रन सच्छिद्र झाल्याचा भास होतो. समान अंतरावर सरळ रेषेत असलेले बारीक ठिपके हे सुईचे टाके असतात, आणि ते दोष म्हणून मोजू नयेत. खिसा, बक्कल, पट्टा यांच्या सावल्याही ओळखून बाजूला काढाव्यात. खरी भेग वाकडी, टोकांना निमुळती आणि बहुधा घडीच्या दिशेने गेलेली असते. आजकाल वजन कमी करण्यासाठी शिशाऐवजी किंवा शिशासोबत कथील, अँटिमनी, बिस्मथ, टंगस्टन यांचे मिश्रण वापरलेले ॲप्रन मिळतात. त्यांची प्रतिमा शिशाच्या ॲप्रनपेक्षा फिकी किंवा किंचित ठिपकेदार दिसू शकते. याच कारणाने अशा ॲप्रनची शिसे-समतुल्य जाडी केव्हीप्रमाणे बदलते, आणि म्हणूनच लेबलवरील केव्हीचा आकडा नोंदवायला मी वर सांगितले. जाडीबद्दलच शंका असेल तर ज्ञात जाडीचे शिशाचे तुकडे, ०.२५ आणि ०.५ मिलिमीटर, ॲप्रनशेजारी ठेवून एकाच एक्सपोजरमध्ये दोन्हींची तुलना करावी. याला प्रमाणित चाचणी म्हणता येणार नाही, पण ०.५ लिहिलेला ॲप्रन प्रत्यक्षात ०.२५ च्या तुकड्याइतकाच दिसत असेल तर तेवढ्यावरून पुरवठादाराकडून प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागता येते. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या अपेक्षेप्रमाणे ॲप्रनची शिसे-समतुल्य जाडी किमान ०.२५ मिलिमीटर असावी लागते. कॅथलॅबसारख्या ठिकाणी पुढच्या बाजूला ०.५ मिलिमीटर ठेवण्याची पद्धत आहे.

आता किती मोठ्या दोषाला ॲप्रन बाद करावा, या प्रश्नाकडे येतो. अमेरिकेत २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुचवलेल्या मर्यादा जगभर अनेक रुग्णालये वापरतात आणि मीही त्याच आधाराला धरतो. जननेंद्रियांसारख्या संवेदनशील अवयवांसमोरील भागात दोषांचे एकूण क्षेत्रफळ १५ चौरस मिलिमीटरपेक्षा अधिक असल्यास ॲप्रन बाद करावा. शिवणीलगत, एकावर एक येणाऱ्या पदरांत किंवा पाठीकडच्या भागात ही मर्यादा ६७० चौरस मिलिमीटर आहे. थायरॉईड कॉलरसाठी ती ११ चौरस मिलिमीटर आहे. वर्तुळाच्या भाषेत सांगायचे तर हे अनुक्रमे साधारण ४.४, २९ आणि ३.७ मिलिमीटर व्यास होतात. भेग वर्तुळाकार नसते, म्हणून तिची लांबी आणि सरासरी रुंदी मोजून क्षेत्रफळ काढावे. दहा सेंटिमीटर लांब आणि अर्धा मिलिमीटर रुंद भेग ५० चौरस मिलिमीटरची होते.

हे आकडे सांगताना त्यांच्यामागचा विचारही सांगणे मला आवश्यक वाटते, नाही तर एका बाजूला घबराट आणि दुसऱ्या बाजूला बेफिकिरी निर्माण होते. ०.६ चौरस मीटरच्या ॲप्रनमध्ये १५ चौरस मिलिमीटरचे छिद्र म्हणजे चाळीस हजारांतील एक भाग, आणि ६७० चौरस मिलिमीटर म्हणजे सुमारे नऊशेंतील एक भाग. अखंड ॲप्रनमधूनसुद्धा १०० केव्हीच्या आसपास विखुरलेल्या विकिरणाचा काही टक्के अंश पार जातो. तेव्हा लहान भेग असलेला ॲप्रन काल कोणी घातला असेल तर त्या व्यक्तीच्या एकूण विकिरण-मात्रेत मोजता येण्याजोगी भर पडलेली नसते, आणि हे तिला स्पष्ट शब्दांत सांगावे. असे असूनही तो बाद करायचा, कारण भेग वाढत जाते, ती एकाच अवयवासमोर पुन्हा पुन्हा येते, आणि जी मात्रा सहज टाळता येते ती टाळणे हेच विकिरण संरक्षणाचे मूळ तत्त्व आहे. मर्यादेच्या आत असलेला दोष मात्र ‘निर्दोष’ म्हणून सोडून देऊ नये. त्याची जागा आकृतीवर दाखवून, लांबी लिहून, सहा महिन्यांनी पुन्हा पाहण्याची तारीख टाकावी.

अंगावर बसणे हाही तपासणीचा भाग आहे आणि तो बहुतेक तपासणी-पत्रकांत नसतो, याची मला खंत वाटते. गुंडाळण्याच्या ॲप्रनमध्ये प्रत्येक पदर अनेकदा ०.२५ मिलिमीटरचा असतो आणि पुढे दोन पदर एकमेकांवर आल्यावरच ०.५ मिलिमीटर पूर्ण होतात. लहान मापाचा असा ॲप्रन स्थूल व्यक्तीने घातला की पदर जेमतेम भेटतात, आणि लेबलवर ०.५ लिहिलेले असूनही पोटासमोर फक्त ०.२५ राहते. उलट मोठ्या मापाचा बनियन सडपातळ सिस्टरने घातला की बाहीचे भोक इतके मोठे होते की हात वर केल्यावर स्तनाचा बाजूचा भाग उघडा पडतो, आणि सी-आर्मजवळ कडेने उभे राहणाऱ्या व्यक्तीला विकिरण नेमके त्याच बाजूने येते. नोंदीत माप लिहून ठेवले की कोणत्या ओटीत कोणत्या मापांची कमतरता आहे हे आपोआप दिसते आणि पुढची खरेदी त्यानुसार करता येते.

ओटीतील ॲप्रन क्ष-किरण विभागात बोलावण्याचा प्रयत्न बहुधा फसतो, कारण शस्त्रक्रियांची यादी चालू असताना ते देता येत नाहीत. तेथेच सी-आर्मवर तपासावे म्हटले तर त्याचे दर्शनक्षेत्र साधारण २३ ते ३० सेंटिमीटरचे असते आणि एका ॲप्रनला फार वेळ जातो. मी अदलाबदलीची पद्धत वापरतो. तपासून चांगले ठरलेले सहा ॲप्रन राखीव ठेवायचे, ते घेऊन सकाळी यादी सुरू होण्यापूर्वी ओटीत जायचे, तेथले सहा उचलून हे सहा ठेवायचे, उचललेले तपासून दुसऱ्या दिवशी पुढच्या ओटीत न्यायचे. ओटीच्या कामात खंड पडत नाही, कोणाशी वाद होत नाही, आणि दोन आठवड्यांत सर्व ठिकाणे पूर्ण होतात. तपासलेल्या ॲप्रनच्या बिल्ल्यावर त्या वर्षाच्या रंगाची पट्टी लावली की राउंडवर असताना दुरूनही कळते की कोणता राहिला आहे.

आता न सापडलेले वीस. त्यांना नोंदीतून काढून टाकू नये. नोंदवहीतील प्रत्येक नोंदीसमोर ‘सापडला नाही’ आणि ती तारीख लिहावी, शेवटचे ज्ञात ठिकाण लिहावे, आणि त्या विभागाच्या इन्चार्जना लेखी कळवावे. जुन्या ॲप्रनांवर क्रमांकच नव्हते, त्यामुळे नोंदवहीतील साठ आणि हाती आलेले चाळीस यांची जुळवणी पहिल्या वर्षी नीट होणार नाही. ते तसेच प्रामाणिकपणे लिहावे आणि नव्या क्रमांकांपासून सुरुवात करावी. सलग तीन फेऱ्यांत न मिळालेल्या वस्तूंचा प्रस्ताव निर्लेखनासाठी (नोंदीतून रीतसर वगळण्यासाठी) समितीपुढे ठेवावा. वार्षिक अहवालात एकच टक्केवारी न देता तीन आकडे द्यावेत: नोंदीतील किती सापडले, सापडलेल्यांपैकी किती तपासले, आणि तपासलेल्यांपैकी किती बाद झाले. ‘शंभर टक्के तपासणी पूर्ण’ हे वाक्य सापडलेल्यांच्या संख्येला भागून लिहिलेले असते तेव्हा ते वाचणाऱ्या प्रशासनाची दिशाभूल होते. रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या एनएबीएचचे परीक्षक विकिरण सुरक्षा साधनांची ठरावीक काळाने चाचणी आणि तिची नोंद यांची विचारणा करतातच. त्यांच्यासमोर हे तीन आकडे ठेवायला संकोच वाटू नये, कारण न सापडलेल्या वस्तूंचा शोध चालू असल्याची नोंद ही व्यवस्था जिवंत असल्याचा पुरावा आहे.

बाद झालेला ॲप्रन त्याच दिवशी वापरातून जाईल याची खात्री करावी. एका ठिकाणी आम्ही बाद केलेले ॲप्रन भांडारात ठेवले होते. काही महिन्यांनी ओटीत तुटवडा पडला आणि कोणीतरी सद्हेतूने ते पुन्हा काढून दिले. तेव्हापासून बाद ॲप्रनचे पट्टे आणि वेल्क्रो कापून टाकणे आणि पुढच्या बाजूवर पक्क्या रंगाने मोठी फुली मारणे हा नियम मी पाळतो. गाभा मात्र कापू नये, कारण त्यातून शिशाची धूळ सुटते. असा ॲप्रन जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत कधीही टाकू नये. ती पिशवी भट्टीत जाते आणि शिसे धुरावाटे हवेत मिसळते. शिसे हा २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येणारा विषय आहे, म्हणून आपल्याकडे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच तो वजनाची पावती घेऊन सोपवावा आणि ती पावती ॲप्रनच्या क्रमांकासह जपून ठेवावी. काही उत्पादक नवीन खरेदीच्या वेळी जुने परत घेतात, खरेदीच्या अटींत ते लिहून घेता येते.

तपासणी करताना प्रत्येक ॲप्रनचा खिसा रिकामा आहे का हे पाहावे, कारण त्यात टीएलडी बॅज (कर्मचाऱ्याला मिळालेली विकिरण-मात्रा मोजणारा बिल्ला) राहिलेला सापडतो. बॅज छातीवर, ॲप्रनच्या आत लावायचा असतो. तो ॲप्रनवरच लावून ॲप्रन क्ष-किरण कक्षात टांगला तर कोणाच्याही शरीराला न मिळालेली मात्रा त्या व्यक्तीच्या नावावर नोंदली जाते, आणि तिमाही अहवालात अतिमात्रेची चौकशी सुरू होते. अशा चौकशीतून तरुण तंत्रज्ञांना झालेला मनस्ताप मी जवळून पाहिला आहे.

निगेबद्दल थोडक्यात: टांगण्यासाठी रुंद, जाड खांद्यांचे हँगर किंवा आडवी नळी असावी आणि ती ओटीच्या दाराजवळच असावी, कारण रॅक दूर असला तर ॲप्रन खुर्चीवरच जाणार. पुसण्यासाठी कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ कापड वापरावे. ब्लीच, धुलाई यंत्र आणि ऑटोक्लेव्ह वर्ज्य आहेत. जंतुनाशक कोणते चालते हे उत्पादकाच्या सूचनेत पाहावे. पावसाळ्यात ओलसर ॲप्रन एकमेकांवर टांगू नयेत. कापड फाटलेल्या ॲप्रनच्या पृष्ठभागावर शिशाची धूळ येते, म्हणून तो हातमोजे घालून हाताळावा, कोरड्या फडक्याने झटकू नये, आणि त्यानंतर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये. मामा-मावशींना हे कोणी सांगत नाही. ते आपणच सांगावे.

तपासणीची वारंवारता वर्षातून एकदा पुरेशी आहे, परंतु कॅथलॅब आणि अस्थिरोग ओटीतील ॲप्रन मी सहा महिन्यांनी चाचपतो आणि कोणताही ॲप्रन पडला, दुमडलेला सापडला किंवा दुसऱ्या रुग्णालयात जाऊन आला तर लगेच पाहतो. येथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेतील वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने रुग्णाच्या जननेंद्रियांवर आणि गर्भावर शिसे ठेवण्याची नित्याची पद्धत बंद करावी अशी भूमिका घेतली. ती रुग्णासाठी आहे, कारण तेथे शिसे प्राथमिक शलाकेत येऊन प्रतिमा बिघडवते किंवा मात्रा वाढवते आणि लाभ नगण्य असतो. खोलीत उभ्या राहणाऱ्या कर्मचाऱ्याच्या ॲप्रनशी तिचा संबंध नाही, आणि ‘आता शिशाची गरज उरली नाही’ असे म्हणून तपासणीचा खर्च टाळू पाहणाऱ्यांना हा फरक समजावून सांगावा लागतो.

या वर्षी नवे ॲप्रन घेतले जातील तेव्हा देयक मंजूर होण्यापूर्वी प्रत्येकाचा टॉपोग्राम घ्यावा, क्रमांक लावावा आणि ती प्रतिमा ‘आगमन’ म्हणून साठवावी. नव्या कोऱ्या ॲप्रनातही वाहतुकीत पडलेली घडी किंवा थरातील विरळ जागा मला आढळली आहे, आणि देयक एकदा चुकते झाले की ती बदलून घेणे फार अवघड जाते.